पळवाटेचा माग काढायचा तर लांब वही घ्या

१९८५ च्या जून महिन्यात आमची बोट ब्राझीलमधल्या सांतोस बंदराला लागली होती. मी तेव्हा सुकाणी होतो. धक्क्यावरचे हमाल जेवणाच्या सुट्टीत एकच वर्तमानपत्र चौघांत धरून वाचत होते. पहिल्या पानावर उकरलेली कबर, आणि हातात कवटी धरून उभा असलेला एक माणूस. एका हमालाने मला किनाऱ्याच्या वरच्या अंगाला हात करून सांगितलं, ‘बेर्तिओगा’. तिथल्या पुळणीवर ७ फेब्रुवारी १९७९ ला एक म्हातारा पोहताना बुडून मेला होता. वोल्फगांग गेरहार्ड या नावाने त्याला एंबू गावात पुरलं होतं. आता, सहा वर्षांनी, कबर उकरल्यावर सगळे म्हणत होते की तो योझेफ मेंगेले. नाझींच्या आउश्वित्झ छावणीच्या फलाटावर उभं राहून कोण जगेल आणि कोण गॅसच्या खोलीत जाईल ते हाताच्या एका खुणेने ठरवणारा, जुळ्या मुलांवर प्रयोग करणारा डॉक्टर. पुढे १९९२ मध्ये डीएनए तपासणीने ते पक्कं झालं.

त्या रात्री वॉचवर उभा असताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मी साधा खलाशी. सीडीसी, म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, जवळ नसेल तर मला कुठल्याही बंदराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकता येत नाही. एकदा शोअर पासवर माझ्या आडनावातलं एक अक्षर चुकलं, तर मला चार तास फाटकावर बसवून ठेवलं होतं. मग हा माणूस एवढा समुद्र ओलांडून आला कसा? कोणकोणत्या फाटकावर त्याला जाऊ दिलं, आणि कोणी?

नोकरी संपवून पूर्णगडला घरी आल्यावर मी याच गोष्टीच्या मागे लागलो. गेली आठ-दहा वर्षं दर रविवारी वाचनालयात अकरावी-बारावीची मुलं आणि आमच्यासारखे निवृत्त चार-पाच जण बसतो, आणि एकेका युद्धगुन्हेगाराच्या पळवाटेचा माग काढतो. हे काम कोणालाही घरबसल्या करता येतं. आमच्या हाताला जे जमलं ते इथे सांगतो.

आधी डोक्यातलं भुयार काढून टाका. आमची मुलं किल्ल्यांच्या भुयारांच्या गोष्टी ऐकत वाढलेली, त्यामुळे पळवाट म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर मशाल आणि अंधार येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून निसटलेले हे लोक आगगाडीने गेले, ट्रकने गेले, घाट चालून गेले आणि शेवटी तिकीट काढून बोटीत बसले. त्यांची वाट कागदाची होती. इंग्रजीत या वाटांना ‘रॅटलाइन’ म्हणतात, आणि तो शब्द मुळात आम्हा दर्यावर्दी लोकांचा आहे. शिडाच्या जहाजावर डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या दोरखंडांना आडवे दोर बांधून वर चढायची शिडी करतात. त्या शिडीच्या एकेका पायरीला रॅटलाइन म्हणतात. पायरी आपोआप तयार होत नाही, ती कोणीतरी बसून गाठ मारून बांधलेली असते. माग काढायचा म्हणजे हेच शोधायचं: ही गाठ कोणी मारली?

त्यासाठी वही लांब हवी, किराणा दुकानदार उधारी लिहायला ठेवतात तसली. शाळेच्या वहीत सहा रकाने मावत नाहीत. रकाने असे पाडा: तारीख, ठिकाण, तिथे वापरलेलं नाव, हातात असलेला कागद, त्या कागदावर सही कोणाची, आणि हे मला कशावरून कळलं. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. एकाच ठिकाणी वाचलेली गोष्ट पेन्सिलने लिहायची. दुसऱ्या, पहिल्याशी संबंध नसलेल्या ठिकाणी तीच सापडली की मग पेनने गिरवायची. नुसतं इंटरनेटवर दहा जागी दिसली म्हणून गिरवू नका, दहाही जणांनी एकाचंच उतरवून घेतलेलं असतं.

पहिलं पान मात्र रकान्यांचं नाही. त्यावर त्या माणसाने काय केलं ते लिहायचं, आकड्यांसह. अडॉल्फ आईशमन हा ज्यू लोकांना छावण्यांत पाठवण्याचं काम बघणारा नाझी अधिकारी. त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर आम्ही लिहिलंय: ‘हंगेरी. १५ मे ते ९ जुलै १९४४. सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यू माणसं रेल्वेने रवाना, बहुतेक आउश्वित्झला.’ एका मुलीने शेजारी २०११ च्या जनगणनेतला सिंधुदुर्ग जिल्ह्याचा आकडा लिहिला, साडेआठ लाख. म्हणजे आठ आठवड्यांत निम्मा जिल्हा. हे पान दर रविवारी आधी मोठ्याने वाचायचं, मगच पुढचं पान उघडायचं. मी हा नियम उगाच केलेला नाही. माग काढता काढता माणूस पळणाऱ्याच्या हुशारीत गुंततो, बनावट नाव, वेषांतर, निसटणं यांत त्याला रस वाटायला लागतो आणि मेलेली माणसं मागे पडतात. मी स्वतः पहिल्या वर्षी तसा वाहवत गेलो होतो, म्हणून सांगतो.

सुरुवात आईशमनपासूनच करा. कारण सरळ आहे: तो सापडला, त्याच्यावर उघड खटला चालला, शंभरावर साक्षीदार झाले आणि त्या खटल्याची कागदपत्रं जगासमोर आहेत. जो कधी सापडलाच नाही त्याच्यापासून सुरुवात केली तर वही पेन्सिलीनेच भरते.

आता शाळेचा अॅटलास उघडा, युरोपचं पान. एक जाड दोरा घ्या. पहिली टाचणी जर्मनीच्या उत्तरेला, ल्यूनेबुर्गच्या माळावर. युद्ध संपल्यावर आईशमन अमेरिकनांच्या छावणीत कैदी होता, पण खोट्या नावाने. नाझी पुढाऱ्यांवरच्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात त्याचं खरं नाव पुढे येऊ लागलं, तसा १९४६ च्या सुरुवातीला तो छावणीतून निसटला. पुढची चार वर्षं ओट्टो हेनिंगर नावाने तो या माळावर लाकूडतोड करत होता, नंतर कोंबड्या पाळून अंडी विकत होता. चार वर्षं! मुलं इथे थांबतात आणि विचारतात, मग तो पळाला कुठे? हाच मुद्दा आहे. पळवाटेतला बराचसा वेळ गप्प बसण्यात जातो. त्याची आपल्याच मुलखात बसून कागद तयार होण्याची वाट बघणं चाललं होतं.

दोरा तिथून खाली ऑस्ट्रियात आणा, इन्सब्रुकपर्यंत, आणि ब्रेनर खिंडीतून इटलीत उतरवा. ब्रेनर १,३७० मीटरवर आहे, आल्प्समधल्या खिंडींत बुटकी. आपल्याकडे घाटमाथ्यावरचा माल आंबा घाटाने रत्नागिरीत उतरतो, तसा ऑस्ट्रियाकडचा माणूस ब्रेनरने बोल्झानोत उतरतो. बोल्झानोभोवतीचा मुलूख साउथ टायरॉल. ही पायरी नीट समजून घ्या, नाहीतर पुढचं काही उलगडणार नाही. हा प्रदेश पहिल्या महायुद्धानंतर इटलीकडे गेला, पण लोक जर्मन बोलणारे. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनीने करार केला आणि या लोकांना एक काहीतरी निवडायला लावलं: जर्मनीचे व्हा नाहीतर इटलीचे रहा. पुष्कळांनी जर्मनी निवडली. युद्ध संपल्यावर यातले कित्येक जण ना धड इकडचे ना तिकडचे, कायद्याच्या भाषेत बिनदेशाचे झाले. म्हणजे ‘मी बोल्झानोत जन्मलो, जर्मन बोलतो आणि मला कुठल्याच देशाचं नागरिकत्व नाही’ असं म्हणणारा माणूस तिथे कोणालाही खोटा वाटत नव्हता. आईशमनच्या नव्या कागदावर नेमकं हेच आहे: रिकार्डो क्लेमेंट, जन्म बोल्झानो, बिनदेशाचा. जवळच्या तेर्मेनो गावातून त्याच्यासाठी ओळखपत्र निघालं होतं. मेंगेलेच्या ‘हेल्मुट ग्रेगोर’ या नावाचं ओळखपत्रही तेर्मेनोचंच. वहीत ही दोन्ही नावं एकाखाली एक आली की मुलांच्या तोंडून आपोआप ‘अरे’ निघतं. वेगवेगळी माणसं, पायरी तीच.

आता कागद. आईशमनच्या वहीत निदान चार कागद आले पाहिजेत: गावाचं ओळखपत्र, पाद्र्याची शिफारस, रेडक्रॉसचा प्रवासी दाखला आणि अर्जेंटिनात उतरायची परवानगी. आणि त्यांचा क्रम तारखेवरून लावा, आपल्याला वाटतो तसा नको. आपल्याला वाटतं आधी पासपोर्ट, मग व्हिसा. इथे अर्जेंटिनाची परवानगी १९४८ मध्येच निघालेली आणि रेडक्रॉसचा दाखला १ जून १९५० चा, इटलीतल्या जिनोव्हा बंदरात दिलेला. तो माळावर कोंबड्या सांभाळत असताना त्याच्या नव्या नावाने दुसऱ्या खंडातल्या सरकारी कचेरीत काम झालेलं होतं. ही एक ओळ वहीत नीट उतरली की ‘एकटा हुशारीने निसटला’ ही गोष्ट टिकतच नाही. परवानगी देणारा वेगळा, ओळखपत्र देणारा वेगळा, जिनोव्हात दाखल्याच्या अर्जाला पाठिंबा देणारा एडोआर्डो डोमोटर हा फ्रान्सिस्कन पाद्री वेगळा. रोममध्ये बिशप अलॉइस हुडाल होता, तो तर उघडपणे अशा लोकांना मदत करत होता. त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीचा प्रमुख फ्रान्झ श्टांगल त्याच्याच मदतीने दमास्कसला गेला.

‘सही कोणाची’ या रकान्याबद्दल मी एवढा आग्रह का धरतो, ते कोकणातल्या माणसाला समजेल. फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगडच्या शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईत बॉम्ब फुटले, २५७ माणसं गेली. तो माल किनाऱ्यावरून रस्त्याने, चौक्या ओलांडत मुंबईला गेला. पुढे कोर्टाने कस्टमच्या आणि पोलिसांच्या माणसांनाही दोषी धरलं. किनारा मोठा आहे, रात्री काळोख असतो, हे सगळं खरं. पण माल पुढे जातो तो कोणीतरी चौकीवर हात आडवा करत नाही म्हणून. माग काढताना अशा हात आडवा न करणाऱ्यांची यादी करायची असते.

रेडक्रॉसच्या दाखल्याविषयी थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे मुलं चटकन रागावतात आणि चुकीच्या माणसांवर रागावतात. युद्धानंतर युरोपात लक्षावधी माणसं घरदार नसलेली, कागद नसलेली फिरत होती. त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने हा दाखला काढला. सुमारे १ लाख २० हजार दाखले दिले गेले. माणूस स्वतःबद्दल सांगेल तेच बहुतेक वेळा लिहून घ्यायचे, दोन साक्षीदार किंवा कोणा धर्मसंस्थेचं पत्र चालायचं, कारण ज्याचं घर जळलं तो जन्मदाखला आणणार कुठून? घेणाऱ्यांत बहुतेक खरे निर्वासित होते. गुन्हेगार त्यांच्या रांगेत घुसले.

ते निर्वासित म्हणजे कोण, हे दाखवायला मी कोल्हापूरचं उदाहरण देतो. वळिवड्याला १९४३ ते १९४८ सुमारे पाच हजार पोलिश लोक राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून उचलून सैबेरियात आणि मध्य आशियात नेऊन टाकलं होतं, तिथून इराणमार्गे ते इथे आले. माझ्या आईचं माहेर कोल्हापूरकडचं. ती सांगायची, कॅम्पातल्या बायका बाजारात यायच्या, बोटांवर मोजून मराठीत भाव करायच्या आणि पोरांना हाताला घट्ट धरून ठेवायच्या, गर्दी नसली तरी. पुढे कॅम्प मोडला तेव्हा त्या बायकापोरांनाही जगात कुठेतरी जायला कोणीतरी दिलेल्या कागदाचाच आधार होता. तसल्या कागदाच्या आडून आईशमन गेला. माझ्या लेखी त्याच्या गुन्ह्यांच्या यादीत हाही धरला पाहिजे.

बोटीची पायरी मी स्वतः शिकवतो, कारण ती माझ्या हातातली आहे. आईशमन ‘जोव्हाना सी’ या बोटीने १७ जून १९५० ला जिनोव्हाहून निघाला आणि १४ जुलैला ब्युनोस आयर्सला उतरला. वहीत तारीख लिहिण्याआधी ती ताडून बघा. जिनोव्हा ते ब्युनोस आयर्स सहा हजार सागरी मैलांच्या थोडं वर. २७ दिवस, म्हणजे ६४८ तास. ताशी साडेनऊ मैलांच्या आसपास पडतात. वाटेत बंदरं घेत जाणाऱ्या त्या काळच्या बोटीला हे बरोबर बसतं, तारखा खऱ्या वाटतात. उद्या कोणी लिहिलं की अमका जिनोव्हाहून दहा दिवसांत पोचला, तर गणित करा: ताशी पंचवीस-सव्वीस मैल लागतील. तो वेग नावाजलेल्या मोठ्या लायनरचा. अशी ओळ पेन्सिलीतच ठेवा. जिनोव्हाच्या धक्क्यावर मी तीनदा उतरलोय. तिथे उभं राहिलं की मागे लगेच चढण आणि घरं, पुढे पाणी. भूगोलच असा आहे की आल्प्सवरून आलेला माणूस इथे आला की पुढे फक्त समुद्र.

हाताने लिहिलेले जुने कागद वाचताना काही गोष्टी सांभाळा. युरोपातल्या हस्ताक्षरात एकचा आकडा वरून लांब रेघ ओढून लिहितात, तो आपल्याला सातासारखा दिसतो. साताला ते मधोमध आडवी रेघ देतात. आमच्या एका पोराने ११ चा १७ केला आणि दोन रविवार आम्ही भलत्याच बोटीच्या मागे होतो. अमेरिकन कागदात महिना आधी आणि दिवस नंतर येतो, म्हणून १ जून आणि ६ जानेवारीची गल्लत होते. नावं रोमन लिपीत मूळ कागदावर आहेत तशीच उतरवा. रिकार्डोमध्ये सी एक की दोन, क्लेमेंट के ने की सी ने, हे सगळे पर्याय शोधून बघायचे. जर्मन अक्षरांवर दोन टिंबं असतात, ती टिंबं सोडूनही शोधायचं आणि टिंबांच्या जागी ई घालूनही.

शोधायचं कुठे? जर्मनीतल्या बाड आरोल्सेन गावी आरोल्सेन आर्काइव्ह्ज आहे, सुमारे पावणेदोन कोटी लोकांविषयीची कागदपत्रं तिथे आहेत आणि पुष्कळशी ऑनलाइन बघता येतात. ती छळ झालेल्यांची आणि बेघर झालेल्यांची आहेत, पहिल्या पानासाठी तिथेच जा. न्यूरेंबर्ग खटल्याचं कामकाज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या अॅव्हलॉन प्रोजेक्टवर शब्दशः आहे. आईशमन खटल्याचं चित्रण इस्रायलमधल्या याद वाशेम या स्मारक-संस्थेने इंटरनेटवर ठेवलंय, जर्मन कळत नसलं तरी काचेच्या पिंजऱ्यात बसलेला तो माणूस फायली चाळताना अर्धा तास बघा. अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०२५ मध्ये या लोकांविषयीच्या फायली ऑनलाइन खुल्या केल्या, त्या स्पॅनिशमध्ये आहेत. फोनवर भाषांतर होतं, पण नावं आणि तारखा भाषांतरातून कधीही घेऊ नका, मूळ पानावरून घ्या. आमच्या वाडीत नेटवर्क धड येत नाही, म्हणून शनिवारी दोघं जण सड्यावर जाऊन पानं उतरवून आणतात. तुमच्याकडे असेल तर बरंच.

अफवांसाठी वहीची शेवटची आठ पानं राखून ठेवा. मुलं त्याच घेऊन येतात, त्यांना नाही म्हटलं तर येणं बंद करतात. सगळ्यात जास्त येते ती पाणबुडीची. त्यात खरं एवढंच: जर्मनीने मे १९४५ मध्ये शरणागती पत्करल्यावर यू-५३० ही पाणबुडी १० जुलैला आणि यू-९७७ ही १७ ऑगस्टला अर्जेंटिनाच्या मार देल प्लाता इथे येऊन शरण गेली. खलाशांची कसून चौकशी झाली. कोणी पुढारी त्यातून आल्याचं निघालं नाही. सगळ्यांना पळवणारी एकच मोठी गुप्त संघटना होती, ही गोष्टही अशीच पसरली. इतिहासकारांना सापडतात ती वेगवेगळी, सैल जाळी: कुठे पाद्री, कुठे हिटलरच्या एसएस दलातले जुने लोक, कुठे पैसे घेणारा कारकून, कुठे अर्जेंटिनाचा राष्ट्राध्यक्ष पेरोन याच्या सरकारातला अधिकारी. संघटनेची गोष्ट ऐकायला बरी वाटते, कारण मग बाकी सगळे निर्दोष ठरतात.

दोऱ्याचं दुसरं टोक म्हणजे ही माणसं सापडली कशी. आईशमनची बायको आणि मुलं १९५२ मध्ये त्याच्याकडे आली. तो क्लेमेंट, पण मुलं आईशमन हेच आडनाव लावत राहिली. ब्युनोस आयर्समध्ये लोथार हेरमान नावाचे गृहस्थ राहत होते, दाखाउच्या छावणीत छळ सोसलेले आणि आता आंधळे. त्यांच्या मुलीची आईशमनच्या मोठ्या मुलाशी ओळख झाली, आणि त्या मुलाच्या बोलण्यातून आणि आडनावातून हेरमानना संशय आला. मुलगी स्वतः त्या घरी जाऊन बघून आली. हेरमाननी १९५७ मध्ये जर्मनीतल्या हेसे राज्याचे मुख्य सरकारी वकील फ्रिट्झ बाउअर यांना कळवलं. बाउअर स्वतः ज्यू, नाझींच्या कैदेत राहिलेले. आपल्याच खात्यातून बातमी फुटेल या भीतीने त्यांनी ती गुपचूप इस्रायलला दिली. तरी तीन वर्षं गेली. ११ मे १९६० च्या संध्याकाळी, कामावरून बसने येऊन गारिबाल्दी रस्त्यावरच्या घराकडे चालत जाताना आईशमनला इस्रायलच्या हेरांनी पकडलं आणि खटल्यासाठी इस्रायलला नेलं. ३१ मे १९६२ च्या मध्यरात्री फाशी झाली. त्याचा तो रेडक्रॉसचा दाखला २००७ मध्ये अर्जेंटिनाच्या कोर्टाच्या दप्तरात, त्याच्या अपहरणाच्या प्रकरणाच्या फायलीत मिळाला. सत्तावन्न वर्षं कागद टिकला. मुलांना मी हे दोनदा सांगतो.

या भागासाठी वहीत वेगळी शाई वापरा. आमच्याकडे हिरवी आहे. लपवणाऱ्यांच्या सह्या निळ्या, शोधणाऱ्यांच्या हिरव्या. आंधळा बाप आणि त्याची मुलगी हिरव्या शाईत आहेत.

दुसरी वही क्लाउस बार्बीची करा. फ्रान्समधल्या लियाँ शहरातला गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख. पहिल्या पानावर: ६ एप्रिल १९४४, इझ्यू, अनाथाश्रमासारख्या घरातून ४४ मुलं उचलली. ही वही अवघड जाते, कारण इथे वाट बांधणारे विजेत्यांकडचे निघतात. अमेरिकन लष्करी गुप्तहेर खात्याने त्याला युद्धानंतर पगारावर ठेवलं, आणि फ्रान्स मागायला लागल्यावर १९५१ मध्ये क्रोएशियन पाद्री क्रुनोस्लाव द्रागानोविचच्या हातून, जिनोव्हामार्गे, बोलिव्हियाला लावून दिलं. क्लाउस आल्टमन या नावाने. बेआटे आणि सर्ज क्लार्सफेल्ड या जोडप्याने त्याला शोधून काढलं, १९८३ मध्ये तो फ्रान्सच्या ताब्यात आला, १९८७ मध्ये जन्मठेप झाली. अमेरिकेच्या न्यायखात्याने १९८३ मध्ये याची चौकशी करून अहवाल छापला आणि सरकारने फ्रान्सची माफी मागितली. तो अहवाल जरूर वाचा. सरकारी भाषेत, तारखेवार, कोणी काय मंजूर केलं ते त्यात आहे. ‘सही कोणाची’ हा रकाना इतका भरलेला दुसऱ्या कुठल्या वहीत मला मिळाला नाही.

तिसरी वही जवळच्या काळातली घेतली तरी चालेल. बोस्नियातल्या हत्याकांडासाठी हवा असलेला रादोवान कराजिच २००८ मध्ये बेलग्रेडमध्ये सापडला, तिथे तो दाढी वाढवून द्रागान दाबिच नावाने उपचार करत होता. रवांडातल्या वंशसंहारातला आरोपी फेलिसियन काबुगा २६ वर्षांनी, मे २०२० मध्ये पॅरिसजवळच्या एका फ्लॅटमध्ये. रकाने तेच ठेवा.

एक गोष्ट मी रविवारच्या मंडळींना पहिल्याच दिवशी कबूल करायला लावतो. या लोकांच्या मुलांना, नातवंडांना शोधून काढून काही लिहायचं नाही, पाठवायचं नाही. आणि शोधताना नाझींचा गौरव करणारी पानं समोर येतात, इतिहासाच्या नावाखाली, छान फोटो लावून. अशा पानावरची एकही ओळ वहीत घ्यायची नाही, खरी दिसली तरी. तीच गोष्ट कोर्टाच्या कागदात शोधा. नाही मिळाली तर रकाना रिकामा ठेवा आणि कडेला तुम्ही शोधल्याची तारीख टाका. दप्तरं खुली होत राहतात. दोन वर्षांनी तीच ओळ पुन्हा बघायची.

मृग लागायच्या आत वह्यांची सोय करा. आपल्या दमट हवेत जुलैपर्यंत कागदाला बुरशी येते आणि पेन्सिल पुसट होते. मी प्रत्येक पानाचा फोटो नातीच्या फोनमध्ये काढून ठेवतो, वही जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळतो, आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून, माझी सीडीसी ज्या पत्र्याच्या पेटीत आहे त्याच पेटीत ठेवतो. गौरी-गणपती झाले की ऊन बघून बाहेर काढायची आणि पहिलं पान मोठ्याने वाचून पुढे सुरू करायचं.